एका वेळी एकानंच बोलायचं

प्रेमात पडणाऱ्यांची म्हणे नजरेला नजर भिडते. यांची पाठीला पाठ भिडली.

झालं असं, की ती तीन नंबरच्या काचेच्या खोलीतून उलट्या पावलांनी बाहेर येत होती. दोन्ही हातांत कोबीच्या रोपांचा ट्रे, त्यामुळे दार ढकलायला पाठच काय ती मोकळी. आणि तो त्याच बोळातून उलट्या पावलांनी येत होता, कारण हातात वायरचं भेंडोळं होतं आणि मागे मागे सरकल्याशिवाय ते उलगडत नाही. धप्प! ट्रे कलला, भेंडोळं गडगडत पार बोळाच्या टोकाला गेलं आणि—

"डोळे नाहीत का?" ती म्हणाली.

"लागलं नाही ना?" तो म्हणाला.

दोघं एकदम बोलले, त्यामुळे कुणाचंच कुणाला ऐकू आलं नाही.

ट्रे मात्र वाचला. भेंडोळं सोडून तो गर्रकन वळला होता आणि त्याचे दोन्ही तळवे ट्रेखाली आले होते. मातीचे चार कण त्याच्या मनगटावर सांडले, एवढंच. ती रागातच होती, पण त्या हातांकडे तिचं लक्ष गेलं खरं. एकही रोप दबणार नाही अशा बेतानं ते थांबले होते. रोपांना कसं धरायचं हे ज्याला सांगावं लागत नाही, असं माणूस तिला क्वचितच भेटलं होतं.

"तुम्ही कोण?" "मी वायरमन—" हेही एकदमच. मग तो हसला आणि म्हणाला, "आधी तुम्ही."

तिला सगळे पारा म्हणतात. नाव आत्यानं ठेवलेलं. नर्सरीही आत्याचीच—एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना चार-चार काचेच्या खोल्या, आणि टोकाला ऑफिस, जिथून आत्या आपल्या वेताच्या खुर्चीत बसून काचेतून सगळं बघत असते. पारा दर दोन तासांनी थर्मामीटर घेऊन आठही खोल्यांतून फिरते आणि आकडे वहीत मांडते, म्हणून ती पारा. नावाचं दुसरं कारण तिच्या समोर कुणी सांगत नाही. तो चढायला वेळ लागत नाही, बस्स.

आत्ताही चढलाच. "वायर कसली? आमच्याकडे दिवे नीट आहेत."

"दिव्यांची नाही. प्रत्येक खोलीत एकेक डबी बसवायची आहे. ती खोलीतली ऊब मोजून ऑफिसातल्या स्क्रीनवर सांगेल. म्हणजे मग थर्मामीटर घेऊन हिंडायला कुणी लागणार नाही."

असं म्हणून त्यानं तिच्या खिशातून डोकावणाऱ्या थर्मामीटरकडे पाहिलं आणि जीभ चावली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ती तरातरा ऑफिसात गेली. "आत्या! मला विचारलंससुद्धा नाही?"

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस," आत्या शांतपणे म्हणाली. "अगं, यंदा आठ नंबरची खोली तुला दिलीय ना? मिरची तू पेरलीस, तूच वाढवायची, मी ढुंकूनही बघणार नाही. मग बाकीच्या सात खोल्यांचं अंग तापलंय का ते बघत दिवसभर वणवण कशाला? ऊब कमी झाली की हीटर आपोआप लागेल, जास्त झाली की बंद होईल. मुलगा शहाणा वाटतो. आठवडाभर आहे. भांडू नकोस त्याच्याशी."

"मी कुठे भांडते?" पारा भांडणाच्याच आवाजात म्हणाली.

थंडीचे दिवस होते. सकाळी काचा आतून घामेजलेल्या असायच्या आणि बोळात उभं राहिलं की आठही खोल्या धुक्यात भरून ठेवल्यासारख्या दिसायच्या. सात नंबरमध्ये गारवा लागणारी फुलझाडं, पंधरा-सोळाच्या वर पारा गेला की ती रुसत. तिच्या शेजारी आठ नंबर, तिथे मिरचीची कोवळी रोपं, त्यांना चांगली पंचवीसची ऊब हवी. एका भिंतीचं अंतर, पण एकीकडे स्वेटर घालायचा आणि दुसरीकडे काढायचा. पाराचा स्वेटर दिवसातून दहा वेळा चढायचा-उतरायचा.

मंगळवारी ती मुद्दाम त्याच्या मागे मागे फिरली. एखादी डबी चुकलेली सापडली, की आत्यासमोर नेऊन आपटायची, असा बेत. त्यानं पहिली डबी बसवली, तिनं शेजारी थर्मामीटर धरला. बावीस. डबीही बावीस म्हणाली.

"योगायोग," ती म्हणाली.

"दुसरीला बघू," तो म्हणाला.

दुसरीही बरोबर निघाली. तिसरीही. तो वायर एका डबीतून काढून पुढच्या डबीत घालत होता, तिच्यातून काढून पुढच्या.

"हे काय? प्रत्येकीला ऑफिसातून वेगळी वायर नको?"

"कशाला? ऑफिसातून पहिलीत, पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत… अशी आठवीपर्यंत साखळी. एकीनं दुसरीचा हात धरायचा, झालं."

"आणि मधली एखादी रुसली तर? हात सोडला तर?"

"तर तिच्या पुढच्या सगळ्या गप्प," तो म्हणाला. मग डोळे बारीक करून, "तुमच्या घरी होतं का असं कधी?"

"आमच्या घरी एक रुसली की बाकीच्या दुप्पट बोलतात."

तो इतक्या मोकळेपणानं हसला की ती स्वतःच्याच विनोदावर लाजली.

आणि त्याची एक गंमत होती. तो डब्यांशी बोलायचा. वायर जोडून झाली की झाकण लावायच्या आधी हळूच विचारायचा, "काय गं चार? बरी आहेस ना? गार नाही ना वाटत?" सुरुवातीला पाराला हसू आलं. बुधवारपर्यंत तिला चारचा, आणि खरं सांगायचं तर पाचचाही, किंचित राग यायला लागला. तिची कुणी अशी चौकशी केली नव्हती कितीक दिवसांत.

बुधवारी दुपारी चहा झाला. तो बोळाच्या त्या टोकाला होता, ती या टोकाला. आता हाक काय मारायची? वायरमन म्हणणं बरं दिसेना, आणि अरे म्हणण्याइतकी ओळख कुठे?

"अहो!" ती ओरडली. "चहा!"

ऑफिसातून आत्याचा आवाज आला. "काय गं, तिसऱ्याच दिवशी अहो?"

पाराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. थर्मामीटर लावला असता तर फुटला असता. आणि तो… त्यानं चहाचा कप घेतला, कपाकडे बघत म्हणाला, "मला चालेल," आणि चटका बसल्यासारखा घाईघाईनं पाच नंबरमध्ये निघून गेला. चहा तर इतका गरम नव्हता.

गुरुवारी सगळ्या डब्यांना नंबर द्यायचे होते. प्रत्येक डबीच्या पोटात एक इवलंसं पिवळं चाक, त्यावर आकडे. छोट्या स्क्रूड्रायव्हरनं ते फिरवायचं. नखाएवढंच काम. तो फिरवत होता, पारा वहीत लिहून घेत होती. मग मेन लावला आणि तिघं स्क्रीनसमोर उभे राहिले. एक नंबर, बावीस. दोन, एकवीस. तीन, चार… आणि पाचच्या जागी दोन आडव्या रेघा. सहाच्या जागीही रेघाच.

"मोडली!" पारा म्हणाली. आवाजात जरा जास्तच आनंद होता.

तो धावत बोळात गेला, पाच उघडली, सहा उघडली, आणि डोक्याला हात लावून सहासमोरच खाली बसला. "दोघींनाही पाचच नंबर दिलाय मी."

"असा कसा दिला?"

"लक्ष…" तो म्हणाला, "…जरा दुसरीकडे होतं."

सहाला नंबर देताना आपण नेमक्या कुठे उभ्या होतो, ते पाराला आठवलं. समोरच. केस वर बांधत. तिनं घाईघाईनं वही उघडली आणि उगाचच काहीतरी खोडलं.

"त्यानं काय होतं पण? एक नंबर दोघींना असला तर?"

"स्क्रीन एकेकीला विचारतो. पाच, कशी आहेस? की पाचनंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. एका वेळी एकानंच बोलायचं, एवढा एकच नियम आहे साखळीत. आता दोघींना वाटतं, मलाच विचारलं. दोघी एकदम बोलतात, आणि स्क्रीनला एक अक्षर कळत नाही."

"आपल्यासारखं," ती पटकन म्हणून गेली.

"आपल्यासारखं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "फक्त दोघी अगदी अक्षर न् अक्षर तेच बोलल्या, त्याच क्षणी, तर ऐकू येतं. पण तसं होत नाही कधी. काहीतरी फरक असतोच."

त्यानं स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "तुम्हीच बदला." तिनं जीभ दाताखाली धरून ते पिवळं चाक पाचवरून सहावर नेलं. चाक टिक् करून बसलं. त्याचा हात डबीला आधार द्यायला खालून लावलेला, तिचा वरून. बोटांना बोटं लागली नव्हती, पण नाही लागली हे दोघांच्याही चांगलं लक्षात होतं.

झाकण लावून होईपर्यंत संध्याकाळ झाली. "आता उद्याही यावं लागणार. चूक झाली, दिवस वाढला," तो म्हणाला, आणि तक्रार करणाऱ्या माणसाचा चेहरा काही केल्या त्याला जमेना. स्क्रूड्रायव्हर पाराच्या खिशातच राहिला. त्यानं मागितला नाही, तिनंही दिला नाही.

शुक्रवारी साखळी सुतासारखी सरळ चालली. आठही डब्या विचारलं की बोलत होत्या, हीटर आपापले लागत होते, विझत होते. आत्या खूश. "उद्या दुपारपर्यंत अशीच चालली तर कागदावर सही करते. मग तू मोकळा."

"दोनची बस मिळेल मग," तो म्हणाला.

"कुठली बस?" पारानं विचारलं. आवाज तिच्या मानानं फारच बारीक आला.

"सोमवारपासून दुसरं काम. मोठं शीतगृह आहे, साठ डब्यांची साखळी. चार तास लागतात इथून. पाच-सहा महिने तरी…" त्यानं वाक्य तिथंच सोडलं. पारानं ते उचलावं असं त्याला वाटत होतं का? असेलही. पण तिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. हीच मुलगी, जी टोमॅटोच्या रोपाला सावली पडली तर माळ्याला चार शब्द सुनवायची! 'थांबा' म्हणायला तीन शब्दसुद्धा लागत नाहीत, एकच. तो तिच्या ओठांपर्यंत आला आणि परत गेला.

रात्रभर तिनं स्वतःला शिव्या घातल्या. आणि सकाळी तिच्या डोक्यात ती भन्नाट कल्पना आली.

नर्सरीत रोज सकाळी सात ते साडेसात पाणी मारतात. पाणी आणि वीज एकत्र नको म्हणून तेवढा वेळ मेन बंद असतो. शनिवारी पारा झारी घेऊन आपल्या आठ नंबरमध्ये शिरली, दार लावलं आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. मिरचीची ऐंशी ट्रे रोपं तिच्याकडे बघत होती, दोन-दोन पानं पसरून.

"बघू नका," ती त्यांना म्हणाली.

आठवर असलेलं पिवळं चाक तिनं सातवर नेलं. टिक्. आता सात दोन झाल्या. दोन सात एकदम बोलणार, स्क्रीनवर रेघा येणार, आत्या सही करणार नाही, दोनची बस जाईल. चूक झाली, दिवस वाढला! एवढा एकच दिवस तिला हवा होता. एका दिवसात ती तो शब्द बोलणारच होती, अगदी शपथ घेऊन.

ती बाहेर आली तेव्हा तोही बोळात होता, हातात रिकामी बादली. दोघंही दचकले.

"तुम्ही इतक्या—" "आज जरा लवकर—" नेहमीप्रमाणे कुणालाच काही कळलं नाही.

साडेसातला आत्यानं मेन लावला. पारा डोळे मिटून उभी होती. आता रेघा. आता रेघा…

"वा!" आत्या म्हणाली. "आठच्या आठ बोलल्या. एकही रेघ नाही."

पारानं डोळे उघडले. एक, दोन, तीन… सात, आठ. सगळीकडे आकडे. असं कसं? तिनं स्वतःच्या हातानं चाक फिरवलं होतं! तिनं त्याच्याकडे पाहिलं, तर तो स्क्रीनकडे असा बघत होता, जणू घरचं मांजर माणसासारखं बोललंय. त्याचं तोंड उघडंच होतं. स्वतःचं काम इतकं चांगलं झाल्याचं एवढं दुःख तिनं कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. पण तिला तेव्हा स्वतःचंच इतकं झालं होतं, की त्याच्या दुःखाचा विचार करायला ती थांबली नाही.

बाकीची सकाळ कशी गेली ते विचारू नका. तो हत्यारं पुसून पुसून पिशवीत भरत होता. एकच पक्कड त्यानं चार वेळा भरली. ती वहीत तेच आकडे पुन्हा पुन्हा गिरवत होती. बाराला आत्यानं सही केली, कागद त्याच्या हातात दिला. तो आत्याच्या पाया पडला… आणि पाराकडे वळला.

"येतो मग."

"या," ती म्हणाली. बघा! हजार शब्द होते मराठीत, आणि ही बया म्हणाली, या.

तो बोळातून गेला. मोठं दार वाजलं. पारा खाली मान घालून उभी होती, आणि तेवढ्यात आत्या म्हणाली, "सात का गं इतकी तापलीय? छत्तीस दाखवतेय. फुलांची वाट लागेल, बघ जरा."

छत्तीस? पारा थर्मामीटर घेऊन सातकडे पळाली. आत गेली तर अंगावर काटा. गारवा! फुलं आपली मजेत डोलत होती. थर्मामीटर म्हणाला सोळा. मग छत्तीस कोण म्हणतंय?

आणि मग तिला सकाळी फिरवलेलं चाक आठवलं. ती आठमध्ये धावली. दार उघडताच भट्टीसारखी झळ तोंडावर आली. हीटर लालबुंद होऊन चालत होता, वरून दुपारचं ऊन, आणि तिच्या मिरच्या… तिची ऐंशी ट्रे मिरची माना टाकून पडली होती.

"अगं बाई गं," ती रडवेली झाली. हीटर बंद केला, भराभरा वरची तावदानं उघडली, झारीनं मुळाशी पाणी घातलं. हात करत होते आणि डोकं विचार करत होतं. आठच्या डबीला सात नंबर तिनं दिला होता, म्हणून इथली ऊब स्क्रीनवर सातच्या नावानं जात होती, हे कळलं. पण मग आठच्या नावानं कोण बोलत होतं? स्क्रीनला आठ गारठलेली दिसत होती, म्हणून तर हीटर विझेना!

ती पुन्हा सातमध्ये आली. स्क्रूड्रायव्हर काढला. झाकण उघडलं, घाईत आतली एक वायरही निसटली. पिवळं चाक आठवर होतं.

हे तिनं केलेलं नव्हतं. आत्याला झाकणसुद्धा उघडता येत नाही. मग उरलं कोण? सकाळची ती रिकामी बादली तिला आठवली. बादली नुसती रिकामी नव्हती, तिचा तळही कोरडा ठणठणीत होता! पाणी मारायला बादली लागते कुणाला? आणि स्क्रीनसमोरचं ते उघडं तोंड…

त्यानं सातला आठ केलं होतं. तिनं आठला सात. दोघांनीही बस चुकवायला एकेक चूक केली, आणि दोन चुकांनी मिळून एकमेकींची जागा घेतली, नंबर पुन्हा आठच्या आठ वेगळे! रडता रडता तिला हसू फुटलं.

"माझा छोटा स्क्रूड्रायव्हर राहिला, म्हणून—" दारात आवाज आला.

तो उभा होता. खांद्यावर पिशवी, धापा टाकत. त्यानं तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहिला. उघडी डबी पाहिली. तिचे ओले गाल पाहिले. पिशवी आपोआप खाली आली.

"तुम्ही सातला—" ती.

"तुम्हाला कसं—" तो.

"मिरच्या माझ्या—" "मी सगळं सांगणार—" "एवढी मोठी बस—" "हीटर कुणी—"

"थांबा!" पारा ओरडली. आला बाबा एकदाचा शब्द, पण भलत्याच कामाला. "एका वेळी एकानंच बोलायचं. मी विचारते. सात?"

तो ताठ उभा राहिला. "सात बोलतोय. मी हिचा नंबर आठ केला, चाकूच्या टोकानं. आज सकाळी, पाणी मारताना. रेघा आल्या असत्या तर सोमवारपर्यंत थांबलो असतो. शीतगृहवाल्यांना कळवूनही टाकलं होतं, काम लांबतंय म्हणून. मग आठही बोलल्या आणि… मला वाटलं, या डब्यांनाच मी नको झालोय." त्यानं आठच्या दिशेनं पाहिलं. "मिरच्यांना काय झालं?"

"माना टाकल्यात. तावदानं उघडलीत, पाणी घातलंय. उठतील… बऱ्याचशा उठतील."

त्याचा चेहरा पडला. "माझ्यामुळे. तुमची पहिली खोली होती ती."

"तुमच्या एकट्यामुळे नाही."

"म्हणजे?"

"मला विचारा ना," ती म्हणाली. आता तिची नजर त्याच्या बुटांवर होती. "इतरांना विचारता की. चारला विचारता, पाचला विचारता. बरी आहेस ना, गार नाही ना वाटत…"

तो एक पाऊल पुढे आला. आवाज अगदी खाली आणून, डब्यांशी बोलायचा तसा, म्हणाला, "काय गं आठ? बरी आहेस ना?"

"नाही," ती म्हणाली. "मी माझा नंबर सात केला. आज सकाळी, पाणी मारताना."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याच्या डोळ्यांत ते हळूहळू उजाडत गेलं. आता कुणाची पाळी होती, तेच कुणाला ठरवता येत नव्हतं. आणि मग व्हायचं तेच झालं. दोघांनी एकदम श्वास घेतला, दोघं एकदम बोलले—

"मला तू आवडतेस."

"मला तू आवडतोस."

आणि या वेळी ऐकू आलं. लख्ख ऐकू आलं, दोघांनाही. अक्षर न् अक्षर तेच, फरक होता तो एका कान्याचा.

"तू म्हणालास मला," ती म्हणाली.

"तूच आधी म्हणालीस."

"एकदम म्हणालो."

"हो. एकदमच."

त्यानं हात पुढे केला. तिनं स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात घेतला आणि उजवा त्याच्या हातात दिला. मातीचा, ओला, कामाचा हात. त्यानं तो ट्रेखाली धरला होता तसाच धरला, काहीही दबणार नाही असा.

"झालं का बोलून?" आत्या दारात उभी होती. गुडघे दुखत असूनही पूर्ण बोळ चालून आली होती. "स्क्रीनवर सात-आठच्या जागी रेघा आल्यात. म्हटलं, कुणीतरी डबी उघडली."

"आत्या," पारा हात सोडवून पुढे झाली. हे सांगणं सगळ्यात अवघड होतं. "आठच्या डबीचा नंबर मी बदलला. मुद्दाम. मिरच्या माझ्यामुळे कोमेजल्या. तू विश्वासानं दिलेली खोली आणि मी…"

"आणि सातचा मी बदलला," तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

आत्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "वाटलंच मला. खुर्ची काचेसमोरच आहे माझी. सकाळी आधी हा बादली घेऊन सातमध्ये शिरला, मग तू झारी घेऊन आठमध्ये. दोघंही चोरासारखे इकडेतिकडे बघत. मी म्हटलं, काय ही माणसं! एकाच खोलीत जायला काय होतं यांना?"

पारानं तोंड ओंजळीत लपवलं. तो बुटांकडे बघू लागला.

"आण तो कागद," आत्या म्हणाली. त्यानं खिशातून काढून दिला. आत्यानं डबीवर टेकवून सहीच्या खाली लिहिलं, आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, "काम पूर्ण. परंतु… डब्या लबाड आहेत… देखभालीसाठी… दर रविवारी… स्वतः यावे लागेल." मग पेन बंद करून म्हणाली, "दिल्या शब्दाला जाग रे बाबा, साठ डब्या वाट बघतायत. आणि तू, मेलेल्या ट्रेंमध्ये उद्या पुन्हा पेर. एकटीनं नाही हं पेरायची. उद्या रविवारच आहे."

दोनची बस मग गेली ती त्याच्याशिवायच. दुपारभर दोघांनी डब्यांचे नंबर जागच्या जागी केले आणि मिरच्यांना शिंपडत बसले. चारच्या सुमारास पहिल्या ट्रेनं मान वर केली. मग दुसऱ्यानं. अंधार पडायच्या आत ऐंशीपैकी एकाहत्तर ट्रे उभे होते. उरलेले नऊ त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळून पेरले, एकानं बी टाकायचं, एकानं माती लोटायची, आणि कुणी आधी बोलायचं यावरून चार वेळा हसून.

रविवारची दोनची बस मात्र त्याला गाठावीच लागली. तो फाटकाशी पोचला तेव्हा पारा बोळाच्या या टोकाला उभी होती. आता तू म्हणायची मुभा होती, नावानं हाक मारायचीही होती.

"अहो!" ती ओरडली.

तो वळला. ऑफिसात आत्यानंही मान वर केली.

पारानं हात उंच केला. बोटांत छोटा स्क्रूड्रायव्हर. "हा राहिला!"

"असू दे तुझ्याकडेच," तो तिकडून ओरडला. "रविवारी लागेल!"